ही उठाठेव निरर्थक नाही

स्वतःच्या नावाचे एक संकेतस्थळ असावे, ते ज्या संगणकावरून जगाला दिसते त्या सर्व्हरची व्यवस्थाही शक्य तितकी आपल्याच हाती असावी, आणि त्यासाठी चार रात्री खटपट करावी लागली तर ती आनंदाने करावी, असे म्हणणारा मनुष्य आज आपल्या समाजात हास्यास्पद ठरू लागला आहे. 'फेसबुक फुकट आहे, इन्स्टाग्राम फुकट आहे, यूट्यूब फुकट आहे. मग ही उठाठेव कशाला?' असा प्रश्न त्याला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात उत्तराची अपेक्षा बहुधा नसतेच. पालक आमच्याकडे तक्रार घेऊन येतात की, मुलगा तासन्तास काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे न्याहाळत बसतो. त्याचा ना परीक्षेला उपयोग, ना नोकरीला. सुशिक्षित मित्र सांगतात की, हा छंद म्हणजे दारात नळ आलेला असताना विहीर खणण्याचा प्रकार होय.

आम्हांला हे मत मान्य नाही. किंबहुना ते केवळ चुकीचे नसून घातक आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. विहिरीचाच दृष्टान्त घ्यायचा तर, नळाची चावी ज्याच्या हाती नाही त्याने आपली विहीर बुजवू नये, एवढे शहाणपण आपल्या वाडीतल्या निरक्षर शेतकऱ्यापाशीही होते. ते शहाणपण पदवीधरांनी सोडून द्यावे, याचे आम्हांला नवल वाटते.

प्रथम ही खटपट असते तरी कसली, ते पाहू. सर्व्हर हा शब्द ऐकला की अनेकांच्या डोळ्यांपुढे थंडगार दालनातील कपाटे उभी राहतात. ती असतात, हे खरे. परंतु मुळात सर्व्हर म्हणजे अखंड चालू राहणारा एक संगणक आणि त्यावर तिष्ठत बसलेली एक आज्ञावली, एवढेच. कोणी दूरवरून पान मागितले की ती आज्ञावली ते शोधते आणि पाठवते. पान सापडले नाही तर ४०४ हा आकडा पाठवते. पान आहे परंतु ते दाखविण्याची परवानगी नाही, असे असेल तर ४०३ पाठवते. या आज्ञावलीला काय द्यावे, काय झाकावे, कोणत्या नावाला कोणती फाइल दाखवावी, हे सारे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवावे लागते. ती फाइल लिहिणे, तपासणे, बिघडली तर दुरुस्त करणे, हीच ती बदनाम उठाठेव. यात गूढ काही नाही. घराच्या दाराला बिजागरी बसविण्याइतकेच हे काम प्रामाणिक आहे, आणि तितकेच चिकाटीचे.

कारागिरांनी वसविलेले गाव

आमचा पहिला मुद्दा असा की, ज्या महाजालाच्या फुकट सोयींचा आज गौरव होतो, ते महाजालच मुळी अशा उठाठेवी माणसांनी उभे केले आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली आपला प्रस्ताव मांडला, आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला. त्या संगणकावर त्यांनी लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. साऱ्या जगाच्या महाजालाची सुरक्षा त्या काळी एका कागदाच्या कपट्यावर विसंबून होती! आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, बर्नर्स-ली यांनी तयार केलेला पहिला ब्राउझर केवळ पाने दाखवीत नसे. त्यातच पाने लिहिण्याचीही सोय होती. वाचणारा आणि लिहिणारा असा भेद त्यांच्या मूळ कल्पनेत नव्हता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

पुढील इतिहासही याच वळणाचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मकूल यांनी लिहिलेली सर्व्हरची आज्ञावली त्या काळी सर्वत्र वापरली जाई. १९९४ साली ते केंद्र सोडून गेले आणि काम थंडावले. तेव्हा ठिकठिकाणी आपापली संकेतस्थळे सांभाळणाऱ्या मंडळींनी स्वतः केलेल्या दुरुस्त्या एकमेकांना ई-मेलने पाठविण्यास प्रारंभ केला. त्या दुरुस्त्यांची गोळाबेरीज करून १९९५ साली अपाची हा सर्व्हर अवतरला, आणि वर्षभरातच तो जगातील सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर बनला. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी ही भाषा प्रकट केली. तिच्या मूळ इंग्रजी नावाचा अर्थच मुळी 'वैयक्तिक मुखपृष्ठाची साधने' असा होता. आपल्या परिचयपत्राचे पान कोण पाहून जातो, याची नोंद ठेवण्यासाठी एका माणसाने स्वतःपुरती केलेली ही सोय. पुढे तिच्यावर वर्डप्रेस आणि विकिपीडिया उभे राहिले. रशियातील इगोर सिसोयेव यांना एकाच वेळी दहा हजार मागण्या पेलणारा सर्व्हर हवा होता. नोकरी सांभाळून केलेल्या त्यांच्या खटपटीतून २००४ साली इंजिन-एक्स जगापुढे आला. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले. ते चालविणाऱ्या संगणकांना राफाएल, मायकल आणि गाब्रिएल अशी देवदूतांची नावे देण्यात आली होती. यंत्राला नाव देणे हे ते यंत्र सांभाळणाऱ्यालाच सुचते; पडद्यावर बोट फिरवणाऱ्याला ते सुचण्याचे कारण नाही.

असे असताना, 'हे काम मोठ्या कंपन्यांचे. आपण त्यात लक्ष घालू नये,' असे म्हणणे म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरविणे होय. कंपन्या मागाहून आल्या. गाव आधी कारागिरांनी वसविले.

मोफत घरांची कहाणी

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मोफत मिळालेल्या घरात आपण राहतो ते घरमालकाच्या मर्जीने, आणि ही मर्जी फिरते. हे आम्ही तर्काने सांगत नाही. घडलेले सांगत आहोत.

१९९४ साली पुढे जिओसिटीज या नावाने ओळखली गेलेली एक सेवा निघाली. तेथे कोणालाही मोफत जागा मिळे. जागांना वस्त्यांची नावे होती आणि प्रत्येकाला आपल्या विषयाप्रमाणे वस्ती निवडता येई. सामान्य माणसांनी कोट्यवधी पाने तेथे उभी केली. १९९९ साली याहू कंपनीने ती अब्जावधी डॉलर मोजून विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे वाचविता येईल तेवढे वाचविले, बाकीचे गेले. ऑर्कुट आपल्या देशातील तरुणांच्या गळ्यातील ताईत होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते मिटविले. गूगल प्लसचे दार सामान्य ग्राहकांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले. त्याच वर्षी मायस्पेस या सेवेने मान्य केले की, २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिच्याकडे सोपविलेले संगीत, माहिती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना नष्ट झाले असावे. बारा वर्षांचे गाणे एका वाक्यात संपले.

या कंपन्या दुष्ट आहेत, असा आमचा आरोप नाही. त्या व्यापारी आहेत. व्यापाऱ्याने तोट्यातले दुकान बंद केले म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. राग यायचाच तर तो स्वतःच्या भोळेपणाचा यावा. आपल्या घराण्याची कागदपत्रे आपण वाण्याच्या फडताळात ठेवतो काय?

आमच्या परिचयातील एका सद्गृहस्थांनी आपल्या वृद्ध आईच्या तोंडून लग्नातील जुनी गाणी उतरवून घेतली होती. हळद दळताना म्हणायची वेगळी, नवऱ्याला ओवाळताना म्हणायची वेगळी, मुलगी निघताना म्हणायची वेगळी. अर्थासह टिपणे करून त्यांनी ती सारी एका मोफत सेवेवर थेट टंकित केली. आपल्याजवळ प्रत ठेवण्याचे कारण त्यांना दिसले नाही, कारण 'ते तर तिथे आहेच.' सेवा बंद होणार असल्याची सूचना आली ती त्यांनी उघडणे सोडून दिलेल्या एका जुन्या ई-मेलच्या पत्त्यावर. सूचनेची मुदत टळून गेल्यावर त्यांना ती कळली. तोवर आई देवाघरी गेली होती. ती गाणी आता कोणाला विचारावी? कंपनीने नियम मोडला नाही. कागदोपत्री सारे यथासांग झाले. परंतु एका गावाची ठेव गेली ती गेलीच.

येथे कोणी चाणाक्ष वाचक आम्हांला अडवील आणि म्हणेल, 'महाराज, तुमच्या स्वतंत्र संकेतस्थळाचे नावसुद्धा वर्षाकाठी पैसे भरून घ्यावे लागते. सर्व्हरची जागाही बहुधा भाड्याचीच. मग फरक तो काय राहिला?' हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. भाडे दोन्हीकडे आहे. परंतु भाड्याभाड्यात फरक आहे. नाव आपल्याकडे नोंदलेले असले आणि फाइली आपल्याजवळ असल्या की, सर्व्हर पुरविणारा बदलता येतो. नवीन ठिकाणी फाइली ठेवायच्या, आणि नावाच्या नोंदीत जुन्या संगणकाच्या आकडी पत्त्याऐवजी नव्याचा पत्ता लिहायचा. काही तासांत साऱ्या जगाला आपले घर त्याच नावाने नव्या जागी सापडते. वाचकाला बदल झाल्याचे कळतही नाही. फेसबुकवरील आपले पान असे उचलून दुसरीकडे नेता येईल काय? बिऱ्हाड हलविता येणे हेच स्वातंत्र्य. ज्याला बिऱ्हाड हलविता येत नाही, त्याला भाडेकरूही म्हणता येत नाही.

मराठी अक्षराची काळजी कोणी करायची?

तिसरा मुद्दा आपल्या भाषेचा आहे आणि तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीच्या काळात मराठी संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या खास टंकात तयार होत. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो टंक संगणकावर असला तर मराठी दिसे. नसला तर रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि मराठीत त्याचा वापर रुळायला २००० नंतरचे दशक उजाडावे लागले. या स्थित्यंतरात कोणाचे लेखन तरले? ज्यांच्याजवळ आपल्या फाइली होत्या आणि ज्यांनी त्या खटपट करून नव्या संकेतांत उतरविल्या, त्यांचे. बाकीची पाने कोठे उरली असली तरी ती आज वाचता येत नाहीत.

युनिकोड आल्याने काळजी संपली, असेही नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. पान पाठविताना 'हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे' अशी सूचना सर्व्हरने द्यावयाची असते. ती चुकीची दिली गेली तर त्या तीन बाइटांची तीन वेगळी पाश्चात्त्य चिन्हे बनतात, आणि आपल्या सुंदर परिच्छेदाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि चलनाचे एक विचित्र चिन्ह यांची अखंड माळ उमटते. लेखकाने पानात योग्य सूचना लिहिलेली असली तरी सर्व्हरने दिलेली सूचना तिच्यावर मात करते. एके काळी अपाचीसोबत येणाऱ्या नमुना-रचनेतच पश्चिम युरोपीय लिपीची सूचना लिहिलेली होती. मराठी पान ठेवणाऱ्याने ती ओळ शोधून बदलली नाही तर पान बिघडलेच म्हणून समजा. आता सांगावे, ही ओळ शोधणे म्हणजे उठाठेव की मातृभाषेची सेवा?

आणखी एक उदाहरण देतो. मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीतील वळणाहून वेगळे आहे. बालपणी पाटीवर गिरविलेले ते वळण आपल्या हाडामासांत मुरलेले असते. पानाच्या आरंभी 'या पानाची भाषा मराठी आहे' असा दोन अक्षरी संकेत लिहिला आणि टंकात तशी तरतूद असली, तर ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात. संकेत लिहिला नाही तर बहुधा हिंदी वळणाची उमटतात. हा संकेत आपल्या स्वतःच्या पानावर आपल्याला लिहिता येतो. परक्याच्या तयार साच्यात तो लिहिण्यास जागाच नसते. २०१४ पासून '.भारत' या देवनागरी नावाखाली संकेतस्थळाची नोंदणी करता येते, मराठीत आणि कोंकणीतही. आपल्यापैकी किती संस्थांनी, किती कुटुंबांनी तिचा विचार केला आहे? भाषेच्या ऱ्हासावर व्याख्याने झोडणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. सर्व्हरमधील एक ओळ बदलणारा एखादा तरुण त्या व्याख्यात्यांपेक्षा मराठीचे अधिक काम करतो, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

आक्षेप आणि उत्तरे

सुरक्षिततेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. 'तुमचा सर्व्हर कोणी फोडला तर?' भय अनाठायी नाही. सर्व्हर महाजालाला जोडला की काही मिनिटांतच अनोळखी यंत्रे त्याचे दार ठोठावू लागतात. नोंदवही उघडून पाहिली की ते डोळ्यांना दिसते. परंतु मोठ्यांच्या छत्राखाली गेले की धोका टळतो, हा मात्र भ्रम आहे. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोष लहानमोठ्या सर्वांनाच भोवला. ज्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत तो होता, ती मूठभर माणसे सांभाळीत होती आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या धनाढ्य कंपन्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

त्याहून बोधप्रद घटना २०२४ मधील आहे. माहिती आकुंचित करणाऱ्या एक्सझेड नावाच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या साधनात कोणी तरी टोपणनावाने शिरले, दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणाने काम करून विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरदरवाजा बसविला. तो सर्वत्र पसरला असता तर जगातील असंख्य लिनक्स सर्व्हरांची कुलुपे परक्याच्या हाती गेली असती. हा डाव कोणी उधळला? कोणा पहारेदार कंपनीने नव्हे. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर काम करताना जाणवले की, सर्व्हरमध्ये दूरस्थ प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी सोडले नाही. मुळापर्यंत खणत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने अस्वस्थ होणारे मन तयार साच्यांत बसून घडत नाही. ते उठाठेवीतूनच घडते.

खर्चाचा आक्षेप फारसा टिकणारा नाही. संकेतस्थळाचे साधे नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते. पूर्वी सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राला पैसे पडत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने २०१५ च्या अखेरीपासून ती विनामूल्य देण्यास सुरुवात केली. मुदत ९० दिवसांची, परंतु नूतनीकरण यंत्राकडे सोपविता येते. लिनक्स, अपाची, इंजिन-एक्स ही सारी विनामूल्य आहेत. घरातच सर्व्हर ठेवायची हौस असेल तर तळहाताएवढा रास्पबेरी पाय पुरतो. तो एखाद्या लहान दिव्याइतकीच वीज खातो. येथे मात्र एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडील घरगुती जोडण्यांना पुष्कळदा स्वतंत्र आकडी पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक दाटीवाटीने बसविलेले असतात. शिवाय पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून जगाला दाखवायचे पान भाड्याच्या लहान सर्व्हरवर ठेवावे आणि घरचे यंत्र शिकण्यासाठी व प्रती राखण्यासाठी वापरावे, हे व्यवहाराला धरून होईल. घरातील एखाद्या लग्नात बँडवाल्यांना एका संध्याकाळी आपण जे मोजतो, त्यात हा संसार कित्येक वर्षे चालतो.

राहिला वेळेचा आणि अभ्यासाचा आक्षेप. पालकांना आमचे आदरपूर्वक सांगणे आहे की, त्या काळ्या पडद्यापुढे बसलेला तुमचा मुलगा वा मुलगी काय शिकत आहे, ते एकदा शेजारी बसून पाहा. इंजिन-एक्सच्या रचनेतील एका ओळीचा अर्धविराम गळला तर ती रचना स्वीकारलीच जात नाही. जुनी फाइल जपून ठेवल्यावाचून नवीत हात घालू नये, एका वेळी एकच बदल करावा, बदल लागू करण्यापूर्वी तपासून पाहावा, आणि काही बिघडले तर नशिबाला बोल न लावता नोंदवही वाचावी, ही शिस्त त्यातून अंगी बाणते. नोंदवही खोटे बोलत नाही. सबबीही ऐकून घेत नाही. आमच्या मते, चारित्र्याची ही शाळा कोणत्याही शिकवणीवर्गापेक्षा स्वस्त आणि चोख आहे. त्याच वेळात तो बोटाने दुसऱ्यांचे व्हिडिओ सरकवीत बसला असता तर तुम्ही तक्रार घेऊन आला असता काय, हेही मनाला विचारावे.

दोन शब्द छांदिष्टांना

इतके बोलल्यावर ज्यांची बाजू आम्ही घेतली, त्यांचे कान धरणेही भाग आहे. आपल्यातील काही तरुणांनी सर्व्हरची अशी पूजा मांडली आहे की, ज्याच्यासाठी सर्व्हर हवा ते लेखन बाजूलाच राहिले. महिन्याला आज्ञावली बदलायची, पंधरवड्याला पानाचा रंग बदलायचा, आणि पानावर मात वर्षानुवर्षे 'काम चालू आहे' एवढीच पाटी! हे म्हणजे आयुष्यभर कौले परतीत राहायचे आणि घरात चूल पेटवायचीच नाही. अशा माणसाला पाहूनच लोक या कामाला उठाठेव म्हणतात, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते.

साधेपणा हीच येथे खरी हुशारी होय. सर्नमधील पहिले पान आजच्या ब्राउझरातही उघडते, कारण त्यात मजकूर आणि दुवे यांवाचून काही नाही. साध्या फाइलींचे संकेतस्थळ बिघडण्यास वाव कमी असतो, चोराला शिरण्यासही फटी कमी असतात. विदागार, डझनभर जोडसाधने आणि सजावट यांनी ओझावलेले संकेतस्थळ एक वर्ष दुर्लक्षिले की पडझड सुरू होते. जेवढे आपल्याला स्वतः दुरुस्त करता येईल तेवढेच उभे करावे, हा नियम घर बांधणाऱ्याला लागू आहे तसाच येथेही.

आणि ही गोष्ट विसरता कामा नये की, मनुष्य मर्त्य आहे. नावाचे वार्षिक शुल्क भरणारा गेला की, काही आठवड्यांच्या सवलतीनंतर नाव सुटते आणि दुसरा कोणी ते उचलतो. म्हणून आपल्या संकेतस्थळाच्या किल्ल्या, शुल्काची तारीख आणि फाइली कोठे आहेत याची टिपणी घरातील एका तरी विश्वासू माणसाच्या हाती असावी. जमिनीचा सातबारा आपण जसा मुलांना दाखवून ठेवतो, तसा हाही दाखवून ठेवावा. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, दुसऱ्या गावी असावी. एवढे केले नाही, तर मोठ्या कंपनीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आम्ही कोणालाही फेसबुक सोडून द्या, असे सांगत नाही. बाजारात जावे, चार लोकांना भेटावे, बोलावे. परंतु बाजारातून घरी यायला घर असावे. ज्यांच्याजवळ आजीची गाणी आहेत, आजोबांची पत्रे आहेत, गावातील विहिरींची आणि बावखलांची नावे आहेत, पिकांच्या आणि पावसाच्या जुन्या नोंदी आहेत, त्यांनी ती आधी साध्या फाइलींत उतरवावी, आणि मग आपल्या नावाच्या घरात नेऊन ठेवावी. घरात शिकता-सवरता मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम तिच्या हाती द्यावे आणि तिला चार रात्री जागू द्यावे. पहिल्या दिवशी बहुधा ४०३ येईल, दुसऱ्या दिवशी ४०४ येईल, तिसऱ्या दिवशी मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसेल. तिला रागावू नये. चौथ्या दिवशी आजीचे गाणे उघडेल, आणि ते काढून टाकण्याचा अधिकार तुमच्या घराबाहेर कोणाकडे नसेल.